कोर्दोबाच्या घंटा

आपल्या धर्मग्रामांतून युरोपच्या यात्रेला निघणाऱ्या मंडळींचा मार्ग आता जवळजवळ ठरून गेला आहे. लिस्बनला उतरावे, फातिमाच्या मेणबत्त्यांच्या मिरवणुकीत सामील व्हावे, सांतियागोला संत याकोबाच्या कबरीचे दर्शन घ्यावे, तिथून लूर्द आणि अखेर रोम. हा मार्ग पुण्यप्रद आहे, याविषयी वाद नाही. मात्र त्यात स्पेनचा दक्षिण भाग, ज्याला आंदालुसिया म्हणतात, तो राहूनच जातो. कोणी गेलेच तर मालागाच्या समुद्रकिनाऱ्यावर जातात. त्या किनाऱ्याचे नावच 'कोस्ता देल सोल', म्हणजे सूर्याचा किनारा. आमच्या घरी सुट्टीचा बेत आखताना तरुण मंडळींनी याच किनाऱ्याचा हट्ट धरला होता. मी म्हटले, ऊन आणि वाळू तुम्हांला अर्नाळ्यालाही फुकट मिळते. मालागाहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर कोर्दोबा आहे, तिथे चला. त्यावर प्रश्न आला, तिथे आहे काय? त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला बसलो आणि त्यातून हा लेख झाला.

आधी व्यवहाराचे बोलू. कोर्दोबा हे ग्वादलकिवीर नदीच्या खोऱ्यात वसलेले शहर. उन्हाळ्यात हे खोरे भट्टीसारखे तापते. १४ ऑगस्ट २०२१ रोजी याच प्रांतातील ला रांब्ला या गावी ४७.६ अंश तापमान नोंदले गेले. आपल्याकडच्या मे महिन्याला सरावलेल्या माणसानेही जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे जाण्याचे धाडस करू नये. एप्रिल आणि मे हे दोन महिने उत्तम. एप्रिलच्या सुरुवातीला नारिंगाच्या फुलांचा वास गल्लीगल्लीत भरून असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे अंगणांचा उत्सव असतो. लोक आपापल्या घरांची आतली अंगणे, म्हणजे 'पातिओ', पाहुण्यांसाठी उघडी ठेवतात. चुना फासलेल्या भिंतींवर फुलांच्या शेकडो कुंड्या टांगलेल्या असतात आणि उंचावरच्या कुंड्यांना लांब काठीला बांधलेल्या डब्याने पाणी घालतात. २०१२ साली युनेस्कोने या उत्सवाचा मानवजातीच्या वारशात समावेश केला. व्हिसा शेंगेनचा लागतो. मुंबईहून वाटेत विमान बदलून माद्रिदला पोहोचावे. तिथून वेगवान आगगाडी पावणेदोन तासांच्या आसपास कोर्दोबाला नेते. १९९२ साली सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने हा लोहमार्ग सुरू झाला. तीन दिवस कोर्दोबाला द्यावेत, दोन सेव्हिलला, दोन ग्रानादाला. पैसे उरले तर सूर्याचा किनारा आहेच.

आता इतिहास. ज्या नदीकाठी आपण उतरणार तिचे नावच अरबी आहे : 'अल्-वादी अल्-कबीर', थोरली नदी. तिच्यावरचा सोळा कमानींचा पूल मात्र मुळात रोमन. तत्त्वज्ञ सेनेका याच शहरात जन्मला. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा माणूस म्हणजे होसियस. हा चौथ्या शतकातला कोर्दोबाचा बिशप आणि सम्राट कॉन्स्टंटाइनचा सल्लागार. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या पहिल्या विश्वपरिषदेचे अध्यक्षस्थान त्यानेच भूषविले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मिस्सात आपण जो विश्वासांगीकार म्हणतो त्याचा पाया त्या परिषदेत घातला गेला, आणि तिला २०२५ साली सतराशे वर्षे झाली. होसियस शंभरीला टेकलेला असताना एरियस पंथीयांच्या दडपणाखाली एका चुकीच्या मसुद्यावर त्याची सही घेण्यात आली. बहुधा त्यामुळेच पाश्चात्य ख्रिस्तसभेने त्याला संत म्हटले नाही. पौर्वात्य सभा मात्र म्हणते. शहरातल्या एका लहानशा चौकात त्याचा पुतळा आहे. प्रवासी तिथे सहसा थांबत नाहीत. आपण थांबावे.

७११ साली उत्तर आफ्रिकेतून मुसलमान सैन्य स्पेनमध्ये उतरले. ७५६ साली दमास्कसच्या उमय्या घराण्यातला एक जीव वाचवून पळालेला राजपुत्र, पहिला अब्द अर्-रहमान, कोर्दोबाचा अमीर झाला. ७८५ च्या सुमारास त्याने जी मशीद बांधायला घेतली, ती आज या शहराची ओळख आहे. त्या जागी पूर्वी संत व्हिन्सेंटच्या नावाचे ख्रिस्तमंदिर होते. दोन्ही समाज काही काळ तिथे शेजारी शेजारी प्रार्थना करीत आणि पुढे अमिराने उरलेला भाग ख्रिस्ती लोकांकडून विकत घेतला, असे जुने अरब इतिहासकार सांगतात. पुरातत्त्वज्ञांमध्ये यावर अजून वाद चालू आहे. पुढच्या दोनशे वर्षांत मशीद तीन वेळा मोठी करण्यात आली. आत पाऊल टाकले की खांबांचे वन दिसते. आज ८५६ खांब उरले आहेत. पहिल्या भागातले बरेचसे खांब रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून काढून आणलेले, म्हणून कोणी आखूड, कोणी लांब, कोणाचा दगड निळसर, कोणाचा तांबूस. आखूड खांबांवर उंच छप्पर पेलायचे कसे, हा प्रश्न कारागिरांनी एकावर एक दुहेरी कमानी रचून सोडवला. कमानीत लाल वीट आणि पांढरा दगड आळीपाळीने बसवला. दहाव्या शतकात दुसऱ्या अल्-हकम खलिफाने मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, म्हणजे मिहराब, नव्याने बांधला. त्यावरच्या सोनेरी काचकामासाठी कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाने कारागीर आणि काचेचे तुकडे पाठवले, अशी नोंद आहे. मशिदीचा सर्वांत पवित्र कोनाडा ख्रिस्ती कारागिराच्या हातचा! इतिहासाची पुस्तके ज्यांना दोन छावण्यांत वाटून टाकतात, ती माणसे प्रत्यक्षात अशी एकमेकांच्या कामाला येत होती.

याचा अर्थ सगळे गोडीगुलाबीचे होते असा नव्हे. हल्ली काही लेखक त्या काळाला सुवर्णयुग म्हणून टाकतात, ते मला पटत नाही. ख्रिस्ती आणि यहुदी लोकांना जिझिया द्यावा लागे. त्यांच्यावर कितीतरी निर्बंध होते. ८५० ते ८५९ या दशकात अठ्ठेचाळीस ख्रिस्ती स्त्रीपुरुषांचा कोर्दोबात शिरच्छेद झाला. त्यांतील बरेच जण स्वतःहून काजीसमोर उभे राहिले आणि इस्लामविरुद्ध जाहीर बोलले. त्यांची हकीकत लिहून ठेवणारा धर्मगुरू यूलोजियस यालाही ११ मार्च ८५९ रोजी मारण्यात आले. तो आज संत आहे. पण त्याच शहरातले काही बिशप आणि बरेच ख्रिस्ती लोक या मार्गाच्या विरोधात होते. शेजाऱ्यांबरोबर राहायचे आहे, पोरेबाळे आहेत, मृत्यू ओढवून घेणे ही साक्ष होय का, असा त्यांचा सवाल होता. ८५२ च्या परिषदेत यावर खल झाला. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा वाद परका वाटू नये. मी यूलोजियसचे धैर्य मानतो. परंतु त्या भ्याड ठरवल्या गेलेल्या शेजाऱ्यांविषयीही मला आपुलकी वाटते.

आता घंटांची गोष्ट. ९९७ साली कोर्दोबाचा सर्वसत्ताधीश वजीर अल्-मन्सूर याने थेट वायव्य टोकाच्या सांतियागोवर स्वारी केली. शहर जाळले, संत याकोबाच्या मंदिराच्या घंटा काढल्या आणि ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून त्या स्पेनच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत, कोर्दोबाला आणल्या. तिथे उलट्या टांगून मशिदीत त्यांचे दिवे केले. पुढे १२३६ च्या जूनअखेर, संत पेत्र व पौल यांच्या सणाच्या दिवशी, राजा तिसरा फर्दिनांद याने कोर्दोबा घेतले. मशिदीचे लगेच ख्रिस्तमंदिर झाले. त्या घंटा राजाने उतरवल्या आणि मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवर देऊन सांतियागोला परत धाडल्या. जुन्या बखरींत हे मोठ्या अभिमानाने लिहिले आहे. दोनशे एकोणचाळीस वर्षांनी हिशेब चुकता झाला! दोन्ही वेळी खांदा मात्र हरलेल्यांचा होता.

वसई-मुंबईच्या वाचकाला इथे वेगळीच आठवण यावी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज मंदिरांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या. भीमाशंकराला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती कोरलेली आहे. आपल्यापैकी कितीकांनी त्या पाहिल्या आहेत आणि काही क्षण गप्प उभे राहिले आहेत. त्याच वेळी हेही आठवावे की पोर्तुगिजांनी आमच्या या भागात देवळे पाडली होती, आणि घंटा नेणाऱ्यांना ते ठाऊक होते. कोर्दोबात उभे राहून या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात येतात. तिथे जायचे ते मला याचसाठी वाटते.

मशिदीचे मंदिर झाल्यावर पहिली जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्ती लोकांनी इमारतीत फारसा बदल केला नाही. इथे तिथे वेद्या उभारल्या, एक-दोन प्रार्थनालये काढली, एवढेच. दुरुस्तीला मुसलमान गवंडी आणि सुतारच असत. खरा पेच आला १५२३ साली. बिशप आलोन्सो मानरिके यांनी ठरवले की खांबांच्या वनाच्या मधोमध छप्पर फोडून, नव्या पद्धतीचे उंच कॅथेड्रल उभारायचे. शिल्पकार एर्नान रुईस. आणि विरोध कोणी केला? कोर्दोबाच्या नगरसभेने. हे सगळे ख्रिस्ती होते, त्यांत मुसलमान एकही नव्हता. त्यांनी फर्मान काढले की सम्राटाचा निर्णय येईपर्यंत या पाडकामाला जो गवंडी, सुतार वा मजूर हात लावील त्याला देहान्ताची शिक्षा होईल. त्यांचे म्हणणे असे की ही इमारत जगात एकच आहे, आणि जे पाडले जाईल ते पुन्हा तितके चांगले बांधता येणार नाही. बिशपांच्या बाजूने उलट उत्तर आले : नगरसभेच्या मंडळींना बहिष्कृत करण्यात आले. एका बाजूला फाशी, दुसऱ्या बाजूला बहिष्कार. बिचाऱ्या मजुराने करावे काय?

सम्राट पाचवा चार्ल्स याने इमारत न पाहताच बिशपांच्या बाजूने कौल दिला. काम सुरू झाले. १५२६ साली त्याचे सेव्हिलला लग्न झाले. वधू पोर्तुगालची इसाबेल, म्हणजे ज्याच्या कारकिर्दीत १५३४ साली वसई पोर्तुगिजांना मिळाली त्या तिसऱ्या जुआंव राजाची बहीण. त्याच वर्षी चार्ल्स कोर्दोबाला आला आणि चाललेले काम पाहून खंतावला. जगात कुठेही बांधता आले असते ते बांधण्यासाठी तुम्ही जगात कुठेच नसलेले मोडले, अशा आशयाचे उद्गार त्याच्या तोंडी घातले जातात. ते त्याने खरोखर काढले की नाही, देव जाणे. कारण याच सम्राटाने पुढच्याच वर्षी ग्रानादाच्या अल्हांब्रा राजवाड्याच्या आवारात स्वतःचा नवा राजवाडा घुसवायला घेतला. उपदेश दुसऱ्याला, हे सम्राटांनाही सुटत नाही.

माझे मत विचाराल तर नगरसभा बरोबर होती. पण हे मत मी तिथले कॅथेड्रल नाकारून देत नाही. ते पुरे व्हायला १६०७ साल उजाडले. रुईसनंतर त्याच्या मुलाने आणि नातवाने काम पाहिले. मधल्या चौकातून उजेड खाली ओततो. अठराव्या शतकात पेद्रो दुके कोर्नेहो याने कोरलेली महोगनीची आसने पाहताना तास निघून जातो. शिवाय एक गोष्ट बिशपांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. कोर्दोबात एके काळी शेकडो मशिदी होत्या असे म्हणतात; त्या कुठे आहेत? शहराबाहेर खलिफांनी बांधलेले मदीनत अझ्-झहरा हे राजनगर १०१० च्या सुमारास यादवीत लुटले आणि जाळले गेले, आणि तेही मुसलमान सैनिकांच्याच हातून. पुढे त्याचे दगड खाणीसारखे उपसले गेले. ही एक इमारत राहिली, कारण तिच्यात मिस्सा होत होती, छपराची गळती कोणीतरी काढत होते. ज्या हातांनी मोडले त्याच हातांनी जपले. मुलांना हे समजावणे सोपे नाही. पण त्यांच्यापाशी खोटे सोपे करून सांगू नये.

मशिदीच्या सावलीतच यहुद्यांची जुनी आळी आहे. आळीतले सभास्थान १३१५ सालचे. वकूब लहान, पण भिंतीवरचे नक्षीकाम पाहण्याजोगे. याच शहरात बाराव्या शतकात मायमोनिदिस जन्मला, यहुदी धर्मशास्त्राचा सर्वांत थोर आचार्य. पोरवयातच अल्-मोहादांच्या जुलमामुळे त्याच्या घराला कोर्दोबा सोडावे लागले आणि अखेर तो इजिप्तमध्ये स्थिरावला. त्याचा भाऊ दाविद रत्नांचा व्यापारी; भारताकडे येताना आपल्याच समुद्रात त्याचे गलबत बुडाले. त्या दुःखाने मायमोनिदिस वर्षभर अंथरुणाला खिळला होता. इब्न रुश्द हाही इथलाच, ११२६ सालचा. त्याने अॅरिस्टॉटलवर लिहिलेल्या भाष्यांमुळे संत थॉमस अक्वायनस त्याला नुसते 'भाष्यकार' म्हणत. त्याच्या मतांचे खंडनही त्यांनी तितक्याच मन लावून केले.

१३९१ साली सेव्हिलहून यहुद्यांच्या कत्तलीची लाट उठली ती कोर्दोबापर्यंत आली. पुढे १४८२ पासून कोर्दोबाच्या राजवाड्यात, म्हणजे अल्काझारात, इन्क्विझिशनचे न्यायालय बसू लागले. आज तिथे कारंजी आणि बागा आहेत, आणि १४८६ साली कोलंबसाला याच शहरात राजाराणीची पहिली भेट मिळाली असे मार्गदर्शक उत्साहाने सांगतो. न्यायालयाचे तो घाईत उरकतो. ३१ मार्च १४९२ रोजी ग्रानादाला यहुद्यांच्या हद्दपारीचे फर्मान निघाले. त्या फर्मानाने पोर्तुगालला गेलेल्या एका कुटुंबात गार्सिया द ओर्ता जन्मला; वैद्य झाला, गोव्याला आला, मुंबई बेट त्याच्याकडे इजाऱ्याने होते. आपल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर बहीण कातारीना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. कोर्दोबा आपल्यापासून किती दूर आहे, असे कोणी विचारले तर मी हे सांगतो.

कॅथेड्रलच्या एका बाजूच्या प्रार्थनालयात एक कबर आवर्जून शोधावी. इन्का गार्सिलासो द ला वेगा. बाप स्पॅनिश सरदार, आई पेरूच्या इन्का राजघराण्यातली. एकवीस वर्षांचा असताना तो स्पेनला आला आणि परत कधी गेला नाही. आईच्या लोकांचा इतिहास त्याने बापाच्या भाषेत लिहिला. ते पुस्तक १६०९ साली लिस्बनला छापले. १६१६ साली तो कोर्दोबात वारला. १९७८ साली त्याच्या अस्थींचा काही भाग पेरूला, कुस्को शहरी पाठवण्यात आला, बाकी इथेच. दोन वारसे एका देहात वागवणाऱ्या या माणसाला दोन धर्मांचे वारसे वागवणाऱ्या या इमारतीत जागा मिळाली, हे योग्यच झाले.

ही इमारत कोणाची, हा वाद आजही मिटलेला नाही. १९८४ साली ती जागतिक वारसा ठरली. २००६ साली धर्मप्रांताने तीस युरो भरून सरकारी नोंदवहीत ती आपल्या नावे करून घेतली. १२३६ पासून ती आमच्याकडेच आहे असे धर्मप्रांत म्हणतो. ती सर्व जनतेची आहे असे अनेक नागरिक म्हणतात, त्यांत कॅथोलिकही आहेत. मध्यंतरी माहितीपत्रकांतून 'मशीद' हा शब्दच गाळला गेला होता. बरीच ओरड झाल्यावर २०१६ साली 'मशीद-कॅथेड्रल' असे जोडनाव परत आले. मुसलमानांना तिथे नमाज पढू द्यावा, ही स्पेनमधल्या मुसलमान संघटनांची विनंती मान्य झालेली नाही. मग ८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री आतल्या एका प्रार्थनालयात आग लागली. तिथे सामान ठेवलेले होते. प्रार्थनालयाचे छप्पर कोसळले. अग्निशामक दलाने बाकीची इमारत वाचवली आणि दुसऱ्या दिवशी दारे उघडली. त्या रात्री शहरातली माणसे रस्त्यावर धूर पाहत उभी होती. कोणत्या नावाची इमारत जळते आहे, हे त्यांतल्या कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

आमचा बेत असा ठरला आहे. शनिवारी संध्याकाळी पोहोचायचे. रविवारी सकाळी कॅथेड्रलच्या मिस्साला हजर राहायचे. मिस्साला येणाऱ्यांना तिकीट नसते. नंतर तिकीट काढून सावकाश मिहराबापर्यंत जायचे. तरुणांना मी एक काम दिले आहे : बाहेरच्या अंगणात नारिंगाची झाडे आहेत, तिथे बसून शब्द मोजायचे. आपले नारिंग फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज' आणि स्पॅनिशमध्ये 'नारांखा' झाले. साखर 'सुक्कर' होऊन 'अथूकार' झाली. वांग्याचे संस्कृत नाव 'बादिंजान' होऊन 'बेरेंखेना' झाले. आपले अंकही याच वाटेने गेले : उत्तर स्पेनमधल्या आल्बेल्दाच्या मठात ९७६ साली लिहिलेल्या हस्तलिखितात, शून्य सोडून, ते सापडतात, आणि लिहिणाऱ्या संन्याशाने भारतीयांच्या बुद्धीची वाखाणणीही केली आहे. त्याच सुमारास स्पेनच्या ईशान्येला गणित शिकून गेलेला गेर्बेर पुढे ९९९ साली दुसरा सिल्वेस्टर या नावाने पोप झाला.

आणखी एक सूचना केली आहे. कोर्दोबा आणि सेव्हिलच्या रस्त्यांवरची नारिंगे दिसायला फार सुरेख, पण कडू असतात. त्यांचा मुरंबा करतात. झाडावरून तोडून तोंडात घालू नये.